अविवाहित स्त्रीला २० आठवड्यांनंतर कायदेशीर गर्भपात करता येतो का?

हो, २४ आठवड्यांपर्यंत करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात गर्भपात नियमावलीतल्या नियम ३ब चा (२० ते २४ आठवड्यांत कोणत्या स्त्रियांना गर्भपात करता येतो हे सांगणारा नियम) अर्थ लावताना सांगितलं, की विवाहित-अविवाहित असा भेद राज्यघटनेच्या कलम १४ मध्ये, म्हणजे समानतेच्या हक्कात, बसत नाही. याच निकालात, गर्भपाताच्या कायद्यापुरता, नवऱ्याने केलेला बलात्कारही बलात्कारच धरला आहे, आणि हा भाग मला तितकाच मोलाचा वाटतो. स्त्री सज्ञान असेल तर संमती फक्त तिचीच. आईवडिलांची किंवा नवऱ्याची सही मागायला कायद्याचा आधार नाही. मात्र २० आठवड्यांनंतर दोन नोंदणीकृत डॉक्टरांचं अनुकूल मत लागतंच. २४ नंतर गर्भात गंभीर व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवलं किंवा स्त्रीचा जीव वाचवायचा असेल, तरच कायदा मुभा देतो.