भीती हातात असते

जुना भीतीचा व्हिडिओ गेम व्हीआरमध्ये, म्हणजे हेडसेट घालून शिरायच्या आभासी जगात, आणतोयस ना, मग आधी कॅमेरा खेळाडूच्या मानेवर सोपव; मान वळेल तिकडे दृश्य वळू दे. २००५ चा ‘रेझिडेंट इव्हिल ४’ हा भयखेळ नायकाच्या खांद्यामागून दिसायचा. २०२१ च्या व्हीआर आवृत्तीत आपण त्याच्याच डोळ्यांनी बघतो, गोळ्या कमरेवरून काढून स्वतःच्या हाताने भरतो. खरी भीती तिथेच रे! गावकरी कुऱ्हाड घेऊन चालत येतोय आणि बंदुकीत गोळ्यांचं मॅगझिन बसत नाहीये. तिथे बटणावर काम उरकू नकोस.

कॅमेरा परस्पर कधीच हलवू नकोस, पोटात ढवळतं. फोंड्याला आमच्या घरी भाच्याने पाचव्या मिनिटाला हेडसेट काढून खिडकी गाठली. तेव्हापासून मी वळणं झटक्यात, ठरावीक अंशांची ठेवतो. आणि पावसाळ्यात आपल्याकडे हेडसेटच्या काचांवर वाफ धरते, चाचणीआधी पंखा लाव.