बोर्ड बदलावा की मेमरी चिप?

प्रश्न : आमच्या दीड टनाच्या इन्व्हर्टर एसीचे बाहेरचे युनिट समुद्राकडच्या भिंतीवर आहे. पावसाळा संपल्यावर एसी प्रथमच लावला तेव्हा एरर कोड दिसू लागला. मेकॅनिकने हा बाहेरच्या बोर्डाचा ‘ईप्रॉम एरर’ असल्याचे सांगून संपूर्ण बोर्ड बदलण्याचा सल्ला दिला. मात्र एमसीबी दहा मिनिटे बंद ठेवून पुन्हा लावल्यास एसी कधीकधी दोन-तीन दिवस व्यवस्थित चालतो. मेमरी बिघडली असेल तर हे कसे शक्य आहे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. ईप्रॉम म्हणजे बोर्डावरील, बहुधा आठ पायांची, छोटी चिप. कॉम्प्रेसर किती वेगाने फिरवायचा, त्याला किती करंटपर्यंत जाऊ द्यायचे, पंख्याचे वेग किती, युनिट किती टनांचे, अशी त्या मॉडेलची माहिती तिच्यात असते आणि वीज गेली तरी ती पुसली जात नाही. वीज येताच बोर्डावरचा मायक्रोकंट्रोलर (नियंत्रण करणारी मुख्य चिप) ही माहिती वाचतो, तिची बेरीज जुळते का हे तपासतो, आणि ती जुळली नाही किंवा चिपकडून उत्तरच आले नाही, तर कोड दाखवून कॉम्प्रेसर सुरू होऊ देत नाही. म्हणजे कोडाचा खरा अर्थ ‘माहिती नीट वाचता आली नाही’ एवढाच आहे. ती का वाचता आली नाही, हे कोड सांगत नाही.

चिपमधील माहिती खरोखर नष्ट झाली असती, तर एमसीबी बंद करून ती परत आली नसती. दोन-तीन दिवस एसी चालतो, याचा अर्थ माहिती शाबूत असण्याची शक्यता दाट आहे आणि दोष वाचनाच्या वाटेत असावा. खाऱ्या हवेने चिपच्या पायांवर धरलेला हिरवट थर, तडकलेला डाख (सोल्डरचा जोड), चिप सॉकेटमध्ये असल्यास तिथला सैल संपर्क, किंवा थकलेल्या कपॅसिटरमुळे वीज येण्याच्या क्षणी डगमगणारा ५ व्होल्टचा पुरवठा (काही बोर्डांवर तो ३.३ व्होल्टचा असतो), ही मी आधी तपासली असती अशी कारणे आहेत. कोकणात बोर्डावर पाली आणि मुंग्याही आढळतात, त्यामुळे झाकण उघडताच आधी डोळ्यांनी पाहणे सर्वांत स्वस्त.

मेकॅनिकला प्रथम आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तिकेतून कोड पडताळायला सांगा, कारण ‘ई १’ हाच कोड एका कंपनीत गॅसचा दाब वाढल्याचा, तर दुसऱ्या कंपनीत दोन्ही युनिटमधील संवाद तुटल्याचा असतो. कोड वीज देताच येतो की कॉम्प्रेसर काही मिनिटे चालल्यावर, हेही पाहावे. मेमरीचा कोड सहसा सुरुवातीलाच येतो. त्यानंतर चिपवर पुरवठा पूर्ण आणि स्थिर मिळतो का, हे मल्टीमीटरने मोजता येते. २४सी०२ सारख्या प्रचलित चिपमध्ये चौथा पाय ग्राउंडचा आणि आठवा पुरवठ्याचा असतो, तर पाचव्या आणि सहाव्या पायावरून माहिती व घड्याळाचे सिग्नल जातात. पुरवठा ठीक असेल, तर बोर्ड स्वच्छ करून, पूर्ण वाळवून संशयित डाख नव्याने द्यावेत. एवढे करूनही कोड कायम राहिला, तरच चिप आणि मग बोर्ड यांच्याकडे वळावे.

मात्र हे काम आपण स्वतः करू नये. २३० व्होल्टचा पुरवठा एकाच दिशेने वाहणाऱ्या (डीसी) विजेत बदलल्यावर बाहेरच्या बोर्डावरील मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब साठतो आणि एमसीबी बंद केल्यावरही तो काही मिनिटे टिकू शकतो. तो उतरला आहे हे मीटरने पाहिल्याशिवाय बोर्डाला हात लावणे जिवावर बेतू शकते. वॉरंटी चालू असेल, तर झाकणही उघडू देऊ नका, थेट कंपनीकडे तक्रार नोंदवा.

प्रश्न : बाहेरचा बोर्ड नवा बसवला, तरी मेमरीचा तोच कोड येतो. नवा बोर्डही सदोष असेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तसे असू शकते, पण आधी नव्या बोर्डावर मेमरी चिप आहे का आणि असल्यास ती कोरी नाही ना, हे विचारा. एकच बोर्ड अनेक क्षमतांच्या एसींना चालतो तेव्हा सुटा भाग काही वेळा चिपविना येतो आणि जुन्या बोर्डाच्या सॉकेटमधली चिप काढून नव्यात बसवायची असते. जुनी चिपच संशयित असेल, तर नेमक्या त्याच मॉडेलची माहिती भरलेली चिप मागवावी लागते. एक टनाच्या एसीची माहिती दीड टनाच्या एसीत घातली, तर कोड निघून जाईल, पण करंटची मर्यादा आणि वेग कॉम्प्रेसरशी जुळणार नाहीत, आणि हा बिघाड पहिल्यापेक्षा महाग पडेल.