थांबा सुधारायचा असेल तर आधी झोपेची सोय करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लांब पल्ल्याचे ट्रकवाले जिथे थांबतात तो एक जुना विश्रांती थांबा सुधारायचा आहे, पैसा मर्यादित आहे, मग खर्च आधी कशावर करावा? सोबत तुम्ही यादीही दिली आहे: उपाहारगृह, टीव्हीची खोली, बाग, वायफाय, स्वच्छतागृह, उंच खांबावरचे दिवे.

मी १९ वर्षं ट्रेलर चालवला. आता गाड्यांच्या फेऱ्या लावतो, म्हणजे कुठल्या ड्रायव्हरने रात्री कुठे थांबायचं हे रोज ठरवतो. त्या जोरावर सांगतो, यादीतली सगळ्यात मोठी गोष्ट राहिली आहे. ती म्हणजे झोप. मोटारीने जाणारं कुटुंब थांब्यावर वीस मिनिटं टेकतं आणि निघतं. ट्रकवाल्याची ती रात्रीची खोली असते. तो केबिनमध्येच झोपतो, कारण गाडी आणि माल सोडून त्याला कुठे जाता येत नाही. त्यामुळे तुमच्या आराखड्यातली प्रत्येक रेघ एकाच प्रश्नावर घासून बघा: याने केबिनमधल्या माणसाला नीट झोप लागेल का?

एक रात्र मी विसरलेलो नाही. थांब्यावर पोचलो तर आत जागा नव्हती, बाहेर पडायच्या वाटेवरसुद्धा गाड्या लागलेल्या. अर्ध्या तासाने दुसरा थांबा आला, तोही भरलेला. तिसऱ्या ठिकाणी जागा मिळाली ती उंच दिव्याच्या बरोबर खाली, आणि शेजारी शीतपेटीची गाडी, जिचं मशीन रात्रभर धडधडत होतं. चार तास पडून राहिलो, झोप जेमतेम तासाभराची झाली असेल. पहाटे निघालो आणि कधी डोळा लागला ते कळलंच नाही. कडेच्या खडबडीत पट्ट्यावर टायर चढले, त्या आवाजाने जाग आली म्हणून आज हे लिहितोय. ताशी ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळजवळ ९० मीटर गाडी कुणीही चालवत नसतं. तिन्ही थांब्यांवर दिवे होते, फरशी होती, बाकडी होती. झोपायची सोय एकाही ठिकाणी नव्हती.

हा माझ्या एकट्याचा अनुभव म्हणून सोडून देऊ नका. १९९७ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसलं की सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा वागतो, आणि २४ तास जागा राहिला तर ०.१० टक्के असल्यासारखा. शिवाय शरीराचं आपलं घड्याळ असतं. मध्यरात्रीनंतर २ ते ६ आणि दुपारी २ ते ४ या वेळात झोपेचा जोर सगळ्यात जास्त असतो, मग माणूस कितीही अनुभवी असो. कायदेही हे ओळखतात. युरोपात साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं थांबावंच लागतं. अमेरिकेत ११ तास चालवून झालं की पुन्हा स्टिअरिंगवर बसण्याआधी सलग १० तास सुट्टी घ्यावी लागते. पण कायदा 'थांब' म्हणतो तेव्हा थांबायला जागा कुणीतरी द्यायला हवी. ती नसली की माणूस एकतर नियम मोडून पुढे जातो, नाहीतर अंधारात रस्त्याच्या कडेला गाडी लावतो आणि मागून येणाऱ्याच्या जिवावर बेततं.

म्हणून पहिला खर्च जागेवर. आणि किती जागा लागेल हे दिवसा मोजू नका. दिवसा थांबा अर्धा रिकामा दिसतो आणि भेट द्यायला आलेले अधिकारी समाधानाने परत जातात. रात्री २ ते ४ च्या दरम्यान जा, आठवड्यातल्या वेगवेगळ्या दिवशी जा. आतल्या गाड्या मोजाच, पण आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या वाटांवर, थांब्याच्या पुढेमागे रस्त्याच्या कडेला, बंद दुकानांसमोर उभ्या असलेल्या गाड्याही मोजा. खरी गरज तिथे दिसते. तुमच्या थांब्यावर 'दोन तासांपेक्षा जास्त थांबू नये' अशी पाटी असेल तर ट्रकच्या भागातून ती काढून टाका. दहा तास विश्रांतीचा नियम आणि दोन तासांची पाटी दोन्ही एकदम पाळता येत नाहीत. मी स्वतः अशा पाटीमुळे मध्यरात्री झोपेतून उठवला गेलो आहे.

जागा वाढवायला नवी जमीनच लागते असं नाही. जुन्या थांब्यांवर बहुतेक वेळा आखणीच चुकलेली असते. गाड्या तिरक्या लावायच्या, एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने सरळ पुढे बाहेर, अशा पट्ट्या आखा. रिव्हर्स घ्यावंच लागू नये. दमलेला ड्रायव्हर, अंधार, आरशात न दिसणारा कोपरा आणि मागे चालत जाणारा माणूस, हे सगळं एकत्र येतं ते रिव्हर्स घेतानाच. पट्ट्यांची लांबी जुन्या नकाशातल्या ट्रकवर ठरवू नका. आजचा ट्रेलर वळताना त्याची मागची चाकं किती आत येतात ते मैदानात प्रत्यक्ष गाडी फिरवून बघा. एखाद्या अनुभवी ड्रायव्हरला बोलवा, अर्ध्या दिवसात तो तुमच्या नकाशातल्या सगळ्या चुका दाखवेल. उभ्या गाड्यांच्या जागी डांबर नको, काँक्रीट करा. ठिबकणारं डिझेल डांबर विरघळवतं आणि तासन्‌तास उभ्या चाकांच्या भाराने खड्डे पडतात.

जर्मनीत काही थांब्यांवर एक चांगली युक्ती वापरतात. आत येताना ड्रायव्हर आपली निघायची वेळ सांगतो आणि लवकर निघणारी गाडी पुढे, उशिरा निघणारी तिच्या मागे, अशा एकामागे एक रांगा लागतात. मधल्या येण्याजाण्याच्या वाटा वाचतात, त्यामुळे तेवढ्याच जमिनीत जास्त गाड्या मावतात. तुमच्याकडे एवढी यंत्रणा जमणार नाही कदाचित. पण पाऊण तासासाठी थांबणारे आणि रात्र काढणारे यांच्या जागा वेगळ्या करणं तर जमेल. रंग आणि दोन पाट्या, एवढाच खर्च.

आता आवाज आणि उजेड. इथे मी जरा जास्त लिहिणार, कारण पैसा थोडा लागतो आणि फरक सगळ्यात मोठा पडतो, तरी याचा विचार क्वचितच होतो.

रस्त्यापासून अंतर दुप्पट केलं तर वाहतुकीचा आवाज साधारण ३ डेसिबलच उतरतो. म्हणजे नुसतं आत सरकून फार भागत नाही. पण रस्ता आणि केबिन यांच्यामध्ये नजर अडेल एवढा मातीचा बांध किंवा भिंत आली तर ५ डेसिबलच्या आसपास फरक पडतो, आणखी उंच केली तर जास्त. थांबा सुधारताना खोदलेली माती कुठेतरी टाकावीच लागते. ती रस्त्याच्या बाजूला बांध घालून टाका, वर झाडं लावा. झाडांनी आवाज फारसा अडत नाही, तो बांधाने अडतो, पण उन्हाळ्यात सावली मिळते आणि तीही झोपेचाच भाग आहे, कारण रात्रभर गाडी चालवणारा दिवसा झोपतो. तापलेल्या पत्र्याखाली कुणाला झोप लागणार? मग तो इंजिन चालू ठेवून एसी लावतो. उभ्या ट्रकचं इंजिन तासाला साधारण ३ लिटर डिझेल पितं. आठ तासांचे २४ लिटर होतात, वर धूर आणि धडधड शेजारच्या दहा केबिनमध्ये जाते. सावली आणि गाडीला जोडता येईल असा विजेचा खांब, दोन्ही दिले तर इंजिनं आपोआप बंद होतील.

शीतपेट्यांच्या गाड्यांना वेगळा कोपरा द्या, सगळ्यात लांबचा. शक्य असेल तर विजेची जोडणी आधी त्याच कोपऱ्यात न्या, म्हणजे त्यांचं मशीन डिझेलऐवजी विजेवर चालेल. जनावरांच्या गाड्या आणि ज्वलनशील मालाच्या गाड्याही बाकीच्यांमध्ये मिसळू नका.

दिव्यांबद्दल लोकांचा गैरसमज आहे की जितका लख्ख उजेड तितकी सुरक्षितता. उंच खांबावरचा पांढराशुभ्र दिवा पडदा ओढला तरी केबिनमध्ये शिरतो. आणि त्याच दिव्यामुळे दोन ट्रेलरच्या मधल्या गल्लीत काळीकुट्ट सावली पडते, जिथे डिझेल चोरणारा आरामात बसतो. त्यापेक्षा कमी उंचीचे, पिवळसर, खाली तोंड केलेले दिवे चालायच्या वाटांवर, स्वच्छतागृहाच्या दाराशी आणि कुंपणाच्या कडेने लावा. उजेड जमिनीवर पडला पाहिजे, चेहऱ्यावर पडता कामा नये. गाड्यांची तोंडं अशी ठेवा की नव्याने आत येणाऱ्याचे हेडलाइट झोपलेल्यांच्या काचेवर पडणार नाहीत.

सुरक्षिततेचा विषय निघालाच आहे. ड्रायव्हरला भीती असली तर तो झोपतच नाही, टाकीच्या झाकणाचा आवाज ऐकत पडून राहतो. अमेरिकेत २००९ साली जेसन नावाचा एक ड्रायव्हर माल उतरवायची वेळ होईपर्यंत बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर झोपला होता. तिथेच त्याला लुटून मारलं. त्याच्या पत्नीने पाठपुरावा केला आणि २०१२ साली ट्रकच्या पार्किंगसाठी 'जेसन्स लॉ' हा केंद्रीय कायदा झाला. युरोपीय संघाने २०२२ साली सुरक्षित ट्रक पार्किंगसाठी कांस्य, रौप्य, सुवर्ण आणि प्लॅटिनम अशा चार पातळ्यांचे निकष ठरवून दिले. तुम्हाला प्लॅटिनम गाठायची गरज नाही. सलग कुंपण, येण्याजाण्याला एकच नजरेखालचं दार, त्या दारावर कॅमेरा, आणि रात्री खरोखर फेरी मारणारा एक माणूस. कॅमेऱ्यापेक्षा त्या माणसाच्या पगाराची तरतूद आधी करा.

स्वच्छतागृह तुमच्या यादीत आहे, चांगलं आहे. एवढंच जोडतो: ते सगळ्यात लांबच्या गाडीपासूनही चालत जाण्याजोगं असू दे, वाटेत गाड्यांचा रस्ता ओलांडावा लागू नये. अंघोळीची सोय हवी, कपडे टांगायला खुंटी आणि कोरडी जागा हवी. बायकांसाठी वेगळं, आतून कडी लागणारं, उजेडाच्या वाटेवरचं. ट्रक चालवणाऱ्या बायका माझ्या ओळखीत आहेत. पुढे चांगली जागा मिळेल की नाही या शंकेने त्या दिवसभर पाणी कमी पितात आणि मूत्रमार्गाचे आजार ओढवून घेतात. पुरुषही तेच करतात, फक्त बोलत नाहीत. रस्त्याकडेला पिवळ्या पाण्याच्या बाटल्या दिसल्या की लोक ड्रायव्हरला नावं ठेवतात. मला तिथे न बांधलेलं स्वच्छतागृह दिसतं.

जेवण गरम मिळावं आणि रात्री उशिरापर्यंत मिळावं, बस. टीव्हीची खोली वगळा. त्या पैशात बांध होईल.

आणखी एक गोष्ट थांब्याच्या बाहेर करायची आहे. पुढे जागा आहे की नाही हे ड्रायव्हरला आधी कळायला हवं. जपानच्या द्रुतगती मार्गांवर साधारण दर १५ किलोमीटरला पार्किंग आणि ५० किलोमीटरच्या आसपास मोठा थांबा असतो, त्यामुळे एक हुकला तरी दुसरा जवळ असतो. जिथे अंतरं लांब आहेत तिथे २० ते ३० किलोमीटर आधी एक फलक लावा: किती जागा रिकाम्या आहेत, पुढचा थांबा किती दूर. दारावर येणाऱ्या आणि जाणाऱ्या गाड्या मोजून हा आकडा काढता येतो. मात्र मोजणीतल्या छोट्या चुका साठत जातात, म्हणून दिवसातून एकदा तरी कुणीतरी प्रत्यक्ष मोजून आकडा दुरुस्त करायला हवा. फलक दोनदा खोटा ठरला की तिसऱ्यांदा ड्रायव्हर त्याच्याकडे बघत नाही.

निघतानाची वाटही बघा. झोपेतून उठल्यावर पंधरा ते तीस मिनिटं डोकं जड असतं, आणि नेमक्या त्याच वेळी भरलेली गाडी थांब्यातून वेगवान रस्त्यात घालायची असते. वेग धरायची पट्टी आखूड असेल तर ती लांब करा. उठल्यावर चालायला एखादी सपाट वाट आणि तोंड धुवायला जवळच नळ असला तर माणूस लगेच स्टिअरिंगवर बसणार नाही.

काम सुरू करण्याआधी एक रात्र कुठल्यातरी ड्रायव्हरला विचारून त्याच्या शेजारच्या गाडीत झोपून बघा, तुमच्याच थांब्यावर. कुठला दिवा डोळ्यात येतो, कुठला आवाज थांबत नाही, ते वहीत लिहून ठेवा. आणि काम पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा रात्री २ ते ४ मध्ये जाऊन त्याच कडेच्या गाड्या मोजा, ज्या पहिल्यांदा मोजल्या होत्या. तो आकडा इथे कळवलात तर मला वाचायला आवडेल. आराखडा तयार झाला की तोही पाठवा, पट्ट्यांची आखणी मी बघून देईन.