पहिल्या ओळींतला पॅटर्न सापडला, पण तो नक्की कुणाचा आहे?

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही, म्हणून लांबलचक लिहितेय. शेवटच्या वीस कथांच्या पहिल्या ओळी एकाखाली एक मांडायच्या आणि त्यात पॅटर्न शोधायचा हा खेळ फॅनफिकवाल्यांत, म्हणजे दुसऱ्याच्या पात्रांवर हौसेने कथा लिहिणाऱ्यांत, जुनाच आहे. तुम्ही तो तुमच्या कर्णाच्या कथांवर केलात आणि निघालं काय, तर जवळजवळ प्रत्येक ओळीत पहाट, नदी, नाहीतर पाण्यात उभं असलेलं कुणीतरी, आणि त्यावरून तुम्ही थेट "माझ्याकडे नवीन काही उरलंच नाही, लिहिणं बंद करते" इथवर पोचलात. असं करू नका प्लीज. मीही अगदी याच जागी अडकले होते.

शीट कशी बनवायची वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडते. माझं म्हणणं एवढंच आहे की पॅटर्न दिसला की आधी तो कुणाचा आहे ते बघा, बदलायचं की नाही ते नंतर. कर्ण सूर्याचा मुलगा, गंगेच्या काठावर सूर्याची उपासना करणारा, उद्योगपर्वात कुंती त्याला गाठते तीही तिथेच. मग त्याच्या कथेत ऊन आणि पाणी नाही येणार तर काय येणार? हा अर्धा पॅटर्न व्यासांचा आहे हो, तुमचा नाही.

मी शेरलॉक होम्स आणि त्याचा मित्र डॉ. वॉटसन यांच्यावर लिहिते. मूळ साठ कथांपैकी फक्त चार सोडल्या तर बाकी सगळ्या वॉटसनच सांगतो, आणि त्याला साल, ऋतू, हवा सांगून सुरुवात करायची भारी सवय. त्यामुळे त्याच्या तोंडून लिहिलेल्या माझ्या कथाही तशाच सुरू होतात आणि त्या तशाच बऱ्या वाटतात. त्यात मूळ गोष्टीत अफगाण युद्धाला निघालेला वॉटसन मुंबईत उतरतो, पलटण पुढे निघून गेल्याचं त्याला इथेच कळतं, मग १८८० ला मैवंदच्या लढाईत जखमी होतो. त्या मुंबईतल्या मुक्कामाबद्दल मूळ कथेत जवळजवळ काहीच नाही, आणि माझ्या निम्म्या कथा तिथेच घडतात. म्हणून बंदर, धक्का, बोटीचा भोंगा हे माझ्या ओळींत सारखं येतं. ती माझी जागा आहे, मी ती सोडणार नाही.

आता ज्याने माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते सांगते. नाव घेत नाही, कारण भांडत बसायचं नाहीये. एका मराठी कथांच्या अ‍ॅपवर मी बराच काळ लिहायचे, त्यांच्याच एडिटरमध्ये टाइप करावं लागायचं, बाहेरून पेस्ट केलं की जोडाक्षरं फुटायची. त्यांची एक संपादकीय टीम होती आणि त्यांचा नियम की पहिल्या ओळीत 'हुक' पाहिजे, म्हणजे संवाद किंवा धक्का. बरं, नियम असू दे, पण ते न विचारता ओळ बदलायचे! माझी एक ओळ होती: "वॉटसनने काठी भिंतीला टेकवली आणि बसायच्या आधी खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून पलंगावर ठेवली." त्यातच सगळं होतं, पाय दुखतोय तरी आधी दुसऱ्याचा पसारा आवरणारा माणूस. छापून आली ती अशी: "खून झालाय, वॉटसन!" त्या कथेत खून नव्हताच, पुढच्या परिच्छेदात दोघं चहा पितायत. वाचकांनी कमेंटमध्ये विचारलं खून कुठे गेला, त्याला उत्तर मी देत बसले.

मूळ मजकूर परत द्या म्हणून मेल केले, प्रत्येक वेळी तेच ऑटो रिप्लाय. शेवटी हाफ डे टाकून घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला त्यांच्या ऑफिसात गेले, तर रिसेप्शनवरूनच "मॅडम, सपोर्टला मेल करा". जुनी व्हर्जन ते ठेवतच नाहीत हे तिथे बोलता बोलता कळलं. म्हणजे बघा, मी पहिल्या ओळींची यादी करायला बसले तेव्हा पॅटर्न अगदी ठळक निघाला, सगळीकडे अवतरणचिन्ह आणि आरडाओरडा, आणि मी बरेच महिने आपण धक्के देणाऱ्या लेखिका आहोत असं समजून नव्या कथांत तेच सुधारत बसले, जे मुळात माझं नव्हतंच. अजूनही संताप येतो.

मूळ ओळी काही सापडल्या त्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये, मावसबहिणीला कच्चं लिखाण पाठवायचे त्या चॅटमध्ये. तुम्हीही तिथे शोधा, खूप काही निघतं.

तर, मूळ कथेचा वाटा आणि प्लॅटफॉर्मचा वाटा काढला की मग आपल्या भाषेकडे बघा. आपण फक्त ओळीचा पहिला शब्द बघतो, पण मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे सवय शेवटी लपते. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द वेगळ्या कॉलममध्ये काढा आणि सॉर्ट करा. माझ्याकडे "होता, होती, होतं" यांचीच रांग लागली. पाऊस कोसळत होता, दिवा जळत होता, तो उभा होता. म्हणजे काहीच घडत नव्हतं, सगळं आधीपासून चालू होतं. हे मात्र खरं माझं निघालं, आणि हे मी बदलायला घेतलं. आणि शब्द शोधताना 'नदी' टाकलंत की 'नद्या' आणि 'नद्यांच्या' सुटतात, 'पाऊस' टाकलंत की 'पावसात' सुटतं, अनेकवचनाची आणि विभक्तीची रूपंही वेगळी शोधा, नाहीतर आकडा कमी येतो आणि उगाच बरं वाटतं.

अजून एक, पहिल्याच ओळीत संवाद असेल तर होम्स वॉटसनला 'तू' म्हणतो की 'तुम्ही' हे तिथेच ठरतं, दोघांचं नातं कथेच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते वाचकाला लगेच कळतं. तुमच्याकडे कर्ण-दुर्योधनाचंही तेच. यादीत हाही कॉलम ठेवा. माझ्या मते पाऊस किती वेळा आला यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं, पण प्रत्येकाचं वेगळं असू शकतं. (त्या काळातल्या कथा लिहिणाऱ्या मुंबईकरांना जाता जाता: १८७९ च्या वॉटसनला सीएसएमटीचा घुमट दाखवू नका, त्या इमारतीचं काम १८७८ ला सुरू झालं आणि १० वर्षं चाललं. पहिल्याच ओळीत असं काही आलं की माझ्यासारखे वाचक तिथेच थांबतात.)

तुमच्या यादीतली सारथ्याची ओळ, तो रात्री एकटा रथाच्या आसाला वंगण लावतोय आणि कर्ण कुठेच दिसत नाही, ती मी दोनदा वाचली. ना नदी, ना पहाट. ती कथा तुम्ही कधी लिहिलीत, कशानंतर लिहिलीत ते आठवून बघा, पॅटर्नमधून सुटलेल्या ओळी जास्त सांगतात असा माझा अनुभव आहे. आणि बाकी काही करण्याआधी सगळ्या कथा स्वतःकडे उतरवून घ्या. आर्काइव्ह ऑफ अवर ओन या फॅनफिकच्या साइटवर असतील तर प्रत्येक कथेवर डाउनलोडचं बटण आहे, ईपब, पीडीएफ, एचटीएमएल मिळतं. दुसरीकडे असतील तर कॉपी करून स्वतःला मेल करा. आजच करा.