आराखड्याआधी पाण्याचा हिशोब

तुम्ही पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात तुमच्या गावाचा विकास आराखडा हाती घेतलाय, हे वाचून फार बरं वाटलं. कळकळीनं एक सांगतो: सुरुवात रस्ते आणि सभामंडपाच्या यादीनं करू नका, पाण्यानं करा. तुमचा पट्टा पर्जन्यछायेतला, म्हणजे डोंगराआडचा, कमी पावसाचा. शेती, चारा, मजुरी, पोरांचं पुण्याला जाणं, सगळं पाण्यावरच हलतं. पुण्यातल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून निरीक्षण विहिरींच्या पावसाळ्यानंतरच्या आणि मे महिन्यातल्या पातळ्या मागवा. मग शिवारफेरी, म्हणजे गावची सगळी जमीन बघत डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत, पायी. वर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर, जे पाणी आणि माती अडवतात; खाली ओढ्यावर नालाबांध. हा क्रम चुकला की बांध बघता बघता गाळानं भरतो.

नायगावची पाणी पंचायत, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घ्यायची व्यवस्था, तर तुमच्याच तालुक्यातली. विलासराव साळुंखे यांनी 1970च्या दशकात तिथं पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर वाटलं: माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, भूमिहीनांनाही हक्क, आणि ऊस बंद. नियोजनाचा याहून नेमका धडा मला तरी माहीत नाही. आधी तिथं जाऊन या.

पैशाचं थोडक्यात: केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगानं 2021-26 साठी पंचायतींच्या अनुदानातला 60 टक्के निधी पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांसाठीच राखून ठेवला होता, त्यामुळे पाण्याच्या कामांना निधीच नसतो असं समजू नका.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्याच. हंडा कुठून येतो, मे महिन्यात त्यात किती वेळ जातो, हे बायकाच सांगतील. त्यांचं म्हणणं इतिवृत्तात उतरलंय का, ते सह्या होण्याआधी स्वतः वाचा.