इंग्रजीतल्या 'डक' या शब्दाचे बदकाखेरीज आणखी कोणते अर्थ आहेत?

तुम्ही विचारलेत ते तीन 'डक' एकमेकांचे फार लांबचे नातेवाईक आहेत: इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला शिकायला गेलेल्या तुमच्या भाचीला दुकानदार 'मी डक' म्हणतो तो, क्रिकेटमधल्या शून्याचा, आणि बातम्यांमधला 'लेम डक'.

आधी भाचीचं, कारण हा अपमान तर नाही ना, ही काळजी तिथेच आहे. अपमान वगैरे काही नाही. नॉटिंगहॅम, डर्बी, स्टोक-ऑन-ट्रेंट या पट्ट्यात 'अय अप मी डक' म्हणजे 'काय गं, बरं चाललंय ना?' एवढंच. त्यातला 'मी' हा 'माय'चा तिथला उच्चार. बसचा ड्रायव्हर, कँटीनवाली, दवाखान्यातली नर्स, कोणीही कोणालाही म्हणतं. दोन दणकट बाप्ये एकमेकांना 'डक' म्हणताना ऐकू येतात आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही. तिनेही उलट 'डक' म्हणायलाच हवं असं नाही. हसून 'थँक यू' म्हटलं तरी पुरे.

आता मूळ शब्दाकडे. गंमत अशी की क्रियापद आधीचं आणि पक्षी नंतरचा. 'डक' म्हणजे बुडी मारणं, झटकन खाली वाकणं. जुन्या इंग्रजीत बदकाला 'एनेड' म्हणत (जर्मनमध्ये आजही 'एन्टे' आहे). पाण्यात डोकं खुपसणारा तो 'डक', असं करत टोपणनावच खरं नाव होऊन बसलं. त्यामुळे बाउन्सर आला की फलंदाज डक करतो, त्याचा बदकाशी संबंध शोधू नका. पत्रकार परिषदेत पुढारी प्रश्न 'डक' करतो तोही हाच, म्हणजे प्रश्नाला बगल देतो.

क्रिकेटमधला शून्य मात्र बदकाचाच, पण त्याच्या अंड्याचा. धावफलकावरचा शून्य अंड्यासारखा दिसतो म्हणून एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये 'डक्स एग' म्हणायला लागले, मग अंडं गळालं आणि नुसतं बदक राहिलं. अमेरिकेत अजून 'गूज एग' म्हणतात, म्हणजे त्यांच्याकडे हंसाचं अंडं. आपल्याला तिथे भोपळा दिसला. 'ब्रेक युअर डक' याला तर मराठीत हुबेहूब जोड आहे: भोपळा फोडणे. इंग्लंडमध्ये हा प्रयोग क्रिकेटबाहेरही चालतो. नव्या क्लबकडून पहिला गोल केला की फुटबॉलपटूनेही 'डक' फोडलेला असतो.

पहिल्या चेंडूवर गेला तर गोल्डन डक. एकही चेंडू न खेळता धावबाद झाला तर डायमंड. दोन्ही डावांत शून्य म्हणजे 'पेअर', आणि दोन्ही वेळा पहिल्याच चेंडूवर असेल तर 'किंग पेअर'. क्रिकेटच्या इतिहासातला सगळ्यात प्रसिद्ध डक ब्रॅडमनचा. 14 ऑगस्ट 1948, ओव्हल, शेवटची कसोटी. सरासरी शंभर राखायला फक्त चार धावा हव्या होत्या, आणि एरिक हॉलिसच्या दुसऱ्याच चेंडूवर, गुगलीवर, त्रिफळा उडाला. सरासरी 99.94 वर अडकली ती कायमची.

इथे मुंबईचा संबंध येतो. 1999-2000 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात अजित आगरकर कसोटीत लागोपाठ पाच डावांत शून्यावर बाद झाला आणि त्याला 'बॉम्बे डक' हे नाव चिकटलं. (त्याच आगरकरने 2002 मध्ये लॉर्ड्सवर नाबाद 109 केल्या, हे लोक सोयीस्कर विसरतात.) हा विनोद कळायला बॉम्बे डक म्हणजे बोंबील हे माहीत हवं. सुका बोंबील तळून, चुरून करीवर घ्यायची सवय इथल्या इंग्रजांना इतकी लागली, की मुंबई इलाख्यातल्या साहेबांनाच 'डक्स' म्हणू लागले. 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात ही नोंद आहे: मुंबईचे 'डक्स', मद्रासचे 'मल्स', बंगालचे 'कोई है'वाले. माशाला बदक का म्हटलं याचं एक लाडकं स्पष्टीकरण तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. सुक्या बोंबलाच्या पाट्या डाकगाडीतून जायच्या, डबे घमघमायचे, 'बॉम्बे डाक'चं 'बॉम्बे डक' झालं. ऐकायला झकास आहे, पण पटणारं नाही. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली 1853 मध्ये, आणि हे नाव त्याच्या कितीतरी आधी छापलेलं सापडतं.

'लेम डक' बाजारातून आला. अठराव्या शतकात लंडनच्या शेअरबाजारात ज्याला देणी चुकती करता येत नसत तो दलाल 'लेम डक'. तो बाजाराच्या गल्लीतून लंगडत, फेंगडत बाहेर पडला असं म्हणत. इंग्रज लेखक होरेस वॉलपोलने 1761 मधल्या एका पत्रात बुल (तेजीवाला) आणि बेअर (मंदीवाला) यांच्या पंगतीलाच लेम डकही बसवला आहे. बैल आणि अस्वल दलाल स्ट्रीटपर्यंत पोचले, बदक मात्र वाटेतच राजकारणात शिरलं. अमेरिकेत नोव्हेंबरमध्ये निवडणूक व्हायची आणि नवा अध्यक्ष 4 मार्चला सूत्रं घ्यायचा. मधल्या चार महिन्यांत जुना माणूस खुर्चीवर असे, पण त्याचं कोणी ऐकत नसे. 1932 मध्ये अध्यक्ष हूव्हर हरले तेव्हा ऐन मंदीत देशाने हा काळ काढला. 1933 मध्ये विसावी घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि शपथविधी 20 जानेवारीवर आला. तिला लोक 'लेम डक दुरुस्ती'च म्हणतात.

मी बातम्यांचं भाषांतर करतो, म्हणून इथे जरा हट्टाने सांगतो: 'लेम डक'ला 'काळजीवाहू' म्हणू नका. काळजीवाहू सरकारने मोठे निर्णय घेऊ नयेत असा संकेत असतो. लेम डक अध्यक्षाचे अधिकार कागदावर शाबूत असतात, वट गेलेली असते. 'लंगडे बदक' तर त्याहून वाईट, वाचणाऱ्याला पशुवैद्यकाची बातमी वाटायची. 'जाऊ घातलेले अध्यक्ष' असं सरळ लिहावं.

शिकाऱ्यांनी दोन प्रयोग दिले. 'सिटिंग डक' म्हणजे आयतं सावज; बसलेल्या पाखरावर गोळी झाडणं शिकाऱ्याला कमीपणाचं, म्हणून या शब्दात मारणाऱ्याचीही थोडी नाचक्की आहे. 'डेड डक' म्हणजे बारगळलेली योजना, जिच्यावर आणखी दारूगोळा फुकट घालवण्यात अर्थ नाही.

'वॉटर ऑफ अ डक्स बॅक' जपून वापरा. कितीही टीका झाली तरी अंगाला लावून न घेणं, हा अर्थ. आपल्याकडे अळवावरचं पाणी दिसायला तसंच, थेंब टिकत नाही, पण आपण ते क्षणभंगुर गोष्टीला वापरतो. पालथ्या घड्यावर पाणी जवळचं, पण त्यात उपदेश वाया गेल्याची चरफड आहे. इंग्रजी वाक्प्रचारात बहुतेक वेळा कौतुक असतं.

बाकीचे भराभर. 'डक सूप' म्हणजे डाव्या हातचा मळ, पण हे अमेरिकन आणि आता जुनाट. 'डक्स इन अ रो' म्हणजे कामाला हात घालण्याआधी सगळी जमवाजमव नीट करणं. ऑफिसच्या मेलमध्ये याचा चोथा झालाय. 'डक्स अँड ड्रेक्स' म्हणजे चपटा दगड पाण्यावर टप्पे घेत फेकायचा खेळ, त्यावरून पैसा उधळणं. 'डक टू वॉटर' म्हणजे शिकवावं न लागता जमणं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांचं 'डक टायपिंग' (वस्तूचा प्रकार तिच्या वागण्यावरून ठरवणं) एका म्हणीवरून आलंय: बदकासारखं चालतं, बदकासारखं ओरडतं, तर बदकच समजा. आणि जाड सुती कापडालाही डक म्हणतात. तो शब्द डच 'डूक'वरून, म्हणजे कापड. त्याला पंख नाहीत.

मोबाइलवर कोणी रागाने 'डकिंग' लिहिलेलं दिसलं तर त्या बिचाऱ्याने भलतंच काही टाइप केलं होतं आणि फोनने परस्पर सभ्य करून टाकलं, असं समजा. 2023 मध्ये ॲपलने ही खोड काढण्याचं जाहीर केलं.