वाचकांचे प्रश्न : मूळपुरुषांची घरे आणि त्यांचा विश्वास

प्रश्न : मी संडे स्कूलमध्ये दहा-बारा वर्षांच्या मुलांना बायबलमधील पहिल्या, म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकातील गोष्टी शिकवते. अब्राहामाला आपण विश्वासणाऱ्यांचा पिता म्हणतो. पण हागारेला लेकरासह घराबाहेर काढले गेले, याकोबाने आंधळ्या बापाला फसवले, दोन सख्ख्या बहिणी एकाच नवऱ्याच्या घरात झुरत राहिल्या आणि भावांनी भावाला विकले, हेही त्याच पुस्तकात आहे. एका मुलीने मला विचारले, "देवाने हीच माणसे का निवडली?" मला उत्तर सुचले नाही. या घराण्यातील कोणता आदर्श मुलांपुढे ठेवावा?

उत्तर : भगिनी, ही घरे आदर्श म्हणून मुलांपुढे ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ती तशी ठेवावीत अशी अपेक्षा उत्पत्तीच्या पुस्तकाचीही दिसत नाही. ते चूक लपवत नाही, तिचे समर्थन करत नाही, आणि बहुतेक वेळा तिच्यावर भाष्यही करत नाही; पण त्या चुकीचे पुढे काय झाले हे मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांगत राहते.

अब्राहामापासूनच पाहू. पंधराव्या अध्यायात त्याने परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि तो विश्वास देवाच्या लेखी नीतिमत्त्व असा गणला गेला. लगेच सोळाव्या अध्यायात, संततीचे वचन पूर्ण होण्याची वाट पाहणे असह्य होऊन, पत्नी सारेच्या सांगण्यावरून त्याने तिची दासी हागार हिला जवळ केले. हागारेचा इश्माएल जन्मला तेव्हा अब्राहाम 86 वर्षांचा होता आणि सारेचा इसहाक जन्मला तेव्हा 100 वर्षांचा. मधल्या चौदा वर्षांत त्या तंबूत काय वातावरण असेल, याची कल्पना कोणत्याही गृहिणीला करता येईल. मूल न होणाऱ्या पत्नीने आपली दासी पतीला द्यावी, ही त्या काळच्या मेसोपोटेमियातील रूढी होती. बाबेलचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यांतही अशा दासीचा उल्लेख आहे. म्हणजे अब्राहाम आणि सारा यांनी जगाच्या रीतीबाहेरचे काही केले नव्हते. तरीही शास्त्र त्या दासीचे दुःख रीतीच्या आड झाकत नाही. मुलांबरोबर सोळावा आणि एकविसावा अध्याय सावकाश वाचून पाहा : अब्राहाम किंवा सारा यांच्या तोंडी हागारेचे नाव एकदाही येत नाही, ती 'माझी दासी', 'तुझी दासी', 'ही दासी' एवढीच असते. तिला नावाने हाक मारतो तो परमेश्वराचा दूत, तोही रानात, झऱ्यापाशी. आणि तिच परमेश्वराला 'पाहणारा देव' असे नाव देते. त्याच दूताने तिला मालकिणीकडे परत जायला सांगितले, हे मला आजही वाचताना जड जाते, आणि मुलांनी त्याबद्दल विचारले तर ते जड आहे असेच मी सांगेन.

इसहाकाचा मुलगा याकोब याच्या घरात एका फसवणुकीतून दुसरी कशी निपजते, हे तर मुलांना स्वतःच शोधू द्यावे. त्याने करडांची कातडी हातांना आणि मानेला गुंडाळून, थोरला भाऊ एसाव याचे कपडे अंगावर चढवून बापाचा आशीर्वाद मिळवला. पुढे मामा लाबान याच्याकडे त्याची धाकटी मुलगी राहेल हिच्यासाठी सात वर्षे राबल्यावर लाबानाने त्याच्या पदरी थोरली लेआ घातली आणि वर सांगितले की, थोरलीच्या आधी धाकटी देण्याची आमच्याकडे रीत नाही. ज्याने थोरल्याचा मान पळवला होता, त्याला हे ऐकावे लागले. आणखी काही वर्षांनी त्याच्याच मुलांनी राहेलीचा लाडका मुलगा योसेफ याला विकून, बोकडाच्या रक्तात बुडवलेला त्याचा झगा बापापुढे आणून ठेवला. पुन्हा कपडा, पुन्हा शेळ्यांच्या कळपातले जनावर, आणि पुन्हा फसलेला बाप.

आता आपल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येतो. ही माणसे चांगली होती म्हणून देवाने निवडली, असे पुस्तक म्हणत नाही. वचन देणारा देव त्यांना सोडून गेला नाही, आणि त्या सोबतीत त्यांच्यापैकी काही जण बदलले, एवढे ते दाखवते. यासाठी मी मुलांना यहूदाची गोष्ट सांगेन. योसेफाला विकण्याची सूचना यहूदाचीच होती. चांदीच्या वीस तुकड्यांना भाऊ विकला गेला. यहूदा हा लेआचा, म्हणजे नावडतीचा मुलगा होता. चव्वेचाळिसाव्या अध्यायात योसेफाचा सख्खा धाकटा भाऊ बन्यामीन मिसरात (इजिप्तमध्ये) अडकतो तेव्हा हाच यहूदा, समोरचा मिसरचा अधिकारी योसेफच आहे हे ठाऊक नसताना, बापाचे शब्द त्याला ऐकवतो : 'माझ्या बायकोला दोन मुलगे झाले.' दोन! राहेलीचे तेवढे दोन. जणू लेआ बायकोच नव्हती आणि यहूदा मुलगाच नव्हता. हे शब्द कडवटपणाशिवाय उच्चारून तो म्हणतो की, या मुलाऐवजी मला दास म्हणून ठेवून घ्या, कारण त्याच्यावाचून माझ्या बापाचे होणारे हाल माझ्याने पाहवणार नाहीत. बापाचा पक्षपात संपलेला नाही. पण त्या पक्षपातामुळे एकदा भावाला विकणारा यहूदा आता त्याच पक्षपाती बापासाठी स्वतःला देऊ करतो. हे ऐकल्यावर योसेफाला स्वतःला आवरता आले नाही. माझ्या दृष्टीने उत्पत्तीच्या पुस्तकातील कौटुंबिक विश्वासाचा सर्वांत उंच क्षण हा आहे.

प्रश्न : अब्राहाम आणि याकोब यांच्यामध्ये इसहाक अगदीच फिका वाटतो. त्याच्या विश्वासाविषयी सांगण्यासारखे काही आहे का?

उत्तर : आहे, आणि ते कोणाच्या चटकन लक्षात येत नाही. चाळिसाव्या वर्षी त्याचे रिबकेशी लग्न झाले आणि साठाव्या वर्षी त्यांना जुळी मुले झाली. या वीस वर्षांत त्याने दासीचा मार्ग धरला नाही. त्याने पत्नीसाठी प्रार्थना केली. बापाच्या घरात काय घडले होते, ते त्याला ठाऊक असणार. तसेच सव्विसाव्या अध्यायात तो पलिष्ट्यांनी बुजवलेल्या आपल्या बापाच्या विहिरी पुन्हा खणतो, त्यांना बापाने दिलेलीच नावे देतो, आणि नव्या विहिरींवरून तंटा झाला की पुढे सरकतो. मात्र एसावाला झुकते माप देऊन त्याने घरात जी दुफळी माजवली, तिचा दोष त्याच्याकडून काढून घेता येत नाही.

प्रश्न : थोरल्या भावाने मालमत्तेच्या व्यवहारात मला फसवले. मी मनाने त्याला क्षमा केली आहे, परंतु पूर्वीसारखे एकत्र राहणे मला शक्य वाटत नाही. याचा अर्थ माझी क्षमा खोटी आहे का? आई आता अंथरुणाला खिळली आहे आणि आम्ही दोघे वेगवेगळ्या दिवशी तिला भेटतो.

उत्तर : बंधू, आपली क्षमा खोटी आहे असे मी म्हणणार नाही. याकोब वीस वर्षांनी परतला तेव्हा एसाव चारशे माणसे घेऊन सामोरा आला, आणि धावत येऊन त्याने याकोबाच्या गळ्याला मिठी मारली. दोघे रडले. तरीही ते एकत्र राहिले नाहीत. मी मागून तुझ्या सेईर प्रांतात येतो असे सांगून याकोब सुक्कोथकडे वळला. योसेफानेही भाऊ दिसताक्षणी ओळख दिली नाही. ते बदलले आहेत का, हे त्याने आधी पारखले. त्याने त्यांना जवळ केले, सतरा वर्षे सांभाळले, तरी बाप वारल्यावर त्या भावांना पुन्हा सूडाची भीती वाटलीच, आणि ते ऐकून योसेफ रडला. तुटलेला भरवसा इतक्या सावकाश सांधला जातो, म्हणून आपण स्वतःला दोष देऊ नये. व्यवहाराचा निवाडाही रीतसर होऊ द्यावा. क्षमा केली म्हणून हिशेब सोडावाच लागतो असे नाही.

आईच्या भेटीविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. अब्राहामाला मकपेलाच्या गुहेत इसहाक आणि इश्माएल या दोघांनी मिळून मूठमाती दिली, आणि इसहाकाला एसाव व याकोब या दोघांनी. ते भाऊ बापाच्या देहापाशी एकत्र उभे राहिले. आपल्या आई अजून आहेत, आणि दोन्ही मुलांना एका वेळी पाहू शकतात. भाऊ तिच्याजवळ असतील त्याच दिवशी आपणही जावे.